वायफाय उघडं ठेवा, पण नाव लिहून घ्या

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दिवस आमच्या धंद्यात सगळ्यात धावपळीचे. मुंबई-पुण्याहून माणसं यायची असतात, घराला रंग देऊन झालेला असतो, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, सामानाची यादी भिंतीवर लागलेली असते आणि त्याच यादीत कुठेतरी खाली 'नेट बघून घेणे' असंही लिहिलेलं असतं. मग मला फोन येतो. फोंडा तालुक्यात राउटर, सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टर बसवायची कामं मी बरीच वर्षं करतोय. कामाच्या निमित्ताने मोरजी-मांद्र्याला जाणं होतं, सासष्टीत होतं, वाळपईच्या पुढे सत्तरीतल्या गावांतही होतं. यंदा मात्र जाईन तिथे एकच प्रश्न ऐकला. शेजाऱ्याला, पाहुण्याला आपलं वायफाय वापरायला दिलं, तर पोलीस आपल्याला धरतात का?

हा प्रश्न कुठून निघाला ते मला ठाऊक आहे. आमच्या भागातल्या एक माई फर्मागुढीच्या बाजूला शिकायला येणाऱ्या मुलांना दोन खोल्या भाड्याने देतात. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा राउटर बसवला तेव्हा पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या घराक कुलूप ना पुता, नेटाक कित्याक?" खरंच त्यांच्या घराला दिवसा कधी कुलूप नसतं. भाड्याची मुलं, शेजारची मुलं, दुपारी पत्रं टाकून झाल्यावर सोप्यावर टेकणारा पोस्टमन, सगळे ते नेट वापरायचे. मी समजावून पाहिलं. शेवटी देवीचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं आणि आठवड्याभरात ते वाड्यावर सगळ्यांना पाठ झालं.

मग एके दिवशी पोलीस चौकशीला आले. ऑनलाइन फसवणुकीच्या एका तक्रारीत जो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक, निघाला, तो त्या तारखेला माईंच्या कनेक्शनला दिलेला होता. आलेली माणसं नीट बोलली, दमदाटी काही केली नाही. पण 'त्या दिवशी संध्याकाळी नेट कोण वापरत होतं' या प्रश्नाला माईंकडे उत्तर नव्हतं, आणि असणार तरी कसं! पुढे त्यातून काही निघालं नाही. निघाला तो फक्त राउटर. माईंनी मला बोलावून तो भिंतीवरून काढायला लावला. त्यांचा हात थरथरत होता. वयाची सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा पोलीस उभे राहिले होते. शेजारची दोन मुलं त्याच नेटवर अभ्यासाचे व्हिडिओ बघायची, तेही त्या दिवसापासून बंद झालं.

पोलीस माईंकडेच का आले, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरात दहा फोन जोडलेले असले तरी बाहेरच्या जगाला ते दहा दिसत नाहीत. राउटर आतल्या प्रत्येक फोनला घरगुती पत्ता देतो आणि बाहेर जाताना सगळ्यांना एकाच पत्त्यामागे उभं करतो. कंपनीच्या दप्तरात तो पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने लागतो. आत कोण होतं हे कळायची जागा राउटरच्या आत. आणि घरगुती राउटर फार काही लक्षात ठेवत नाही, वीज गेली की बहुतेक वेळा तेवढंही विसरतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको.

आता कायदा. मी वकील नाही, पण ज्या वस्तू लोकांच्या घरात बसवतो त्यांच्याबद्दलचे नियम वाचणं माझं काम आहे असं मी समजतो.

आपल्याकडे उघड्या वायफायची भीती पोचली ती २००८ साली. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर पोचले. त्याच्या वायफायवरून तो ई-मेल भलत्याच कोणीतरी पाठवला होता. पुढचे ई-मेल मुंबईतल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्त्यांवरून फिरत उघडी नेटवर्कं शोधत होते. आणि २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. त्यांचं सार असं की सार्वजनिक जागी वायफाय द्यायचं तर वापरणारा कोण हे कळलं पाहिजे. त्यासाठी त्याच्या फोटो ओळखपत्राची प्रत ठेवा, नाहीतर त्याच्या मोबाइलवर एसएमएसने पासवर्ड पाठवा आणि तो नंबर वर्षभर जपून ठेवा.

दोन वर्षांनी, २०११ मध्ये सायबर कॅफेंचे नियम आले. त्यातही ओळखपत्र, नोंदवही, वर्षभराच्या नोंदी. कॉम्प्युटरांमधल्या आडोशाच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत, असंही त्यात होतं. मी तेव्हा एका कॅफेत बसायचो. सुताराला बोलावून आम्ही प्लायवूडच्या फळ्या वरून कापून घेतल्या, भुसा कीबोर्डात गेला तो कितीतरी दिवस निघत होता. ती वही मीच लिहायचो. नाव, पत्ता, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. कुरकुर करणारे होते, पण वहीमुळे गिऱ्हाईक तुटलं असं मला आठवत नाही. कॅफे पुढे बंद पडले ते स्वस्त मोबाइल डेटामुळे.

दुसऱ्याचं वायफाय न विचारता वापरणाऱ्याचं काय? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्यात 'कॉम्प्युटर नेटवर्क'च्या व्याख्येत बिनतारी जोडणीही येते. कलम ४३ म्हणतं की मालकाच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरलात, तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कळीचा शब्द 'परवानगी'. शॅकवाल्याने, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलवाल्याने, फळ्यावर पासवर्ड लिहून ठेवला असेल तर ती परवानगी झाली. शेजाऱ्याचा राउटर उघडा दिसला म्हणून आपण जोडून घेतला तर ती झाली असं धरून चालू नये, मग पासवर्ड असो वा नसो. आणि आपण स्वतःहून शेजाऱ्याला दिलं, तर निव्वळ देण्यासाठी कोणी तुरुंगात टाकत नाही. त्रास होतो तो चौकशीचा, आणि उत्तर देता न येण्याचा. कंपनीच्या करारात कनेक्शन दुसऱ्याला वाटायला मनाई असू शकते, तेही आधी वाचून घ्यावं.

सासष्टीत माझ्या एका गिऱ्हाईक आंटी आहेत. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला, होता, मुलगा इंग्लंडला स्विंडनमध्ये. त्या म्हणतात, तिथे शेजारी नेट देत नाहीत रे, माणसं किती कोरडी. मी त्यांना सांगितलं की कोरडेपणा असेल-नसेल, तिथे कायदाच कडक आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये पैसे चुकवायच्या इराद्याने अशी सेवा वापरणं गुन्हा आहे, आणि २००५ मध्ये लंडनच्या ईलिंगमधल्या एका माणसाला दुसऱ्याचं वायफाय वापरल्याबद्दल ५०० पौंड दंड झाला होता. जर्मनीत भीती वेगळीच. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं की घरच्या वायफायला स्वतःचा पासवर्ड घालणं ही मालकाची जबाबदारी. त्या खटल्यातला माणूस सुट्टीवर गेलेला असताना कोणीतरी त्याच्या वायफायवरून गाणं वाटलं होतं! मग गाण्या-सिनेमांच्या वकिलांच्या नोटिसांना घाबरून लोकांनी नेटवर्कं बंद केली. कॅफेतसुद्धा वायफाय मिळेना. शेवटी २०१७ मध्ये कायदा बदलून देणाऱ्यावरचं ते ओझं काढावं लागलं. फिनलंडने तर २०११ मध्येच उघडं ठेवलेलं वायफाय वापरणं गुन्ह्याच्या बाहेर काढलं. सगळीकडे राउटर तेच, लाटा त्याच. माणसं कशाला घाबरतात तेवढं बदलतं.

आता आमच्या गोव्याचं. एवढासा प्रदेश, पण किनाऱ्यावरची रीत वेगळी आणि डोंगराकडची वेगळी.

किनाऱ्यावर नेट म्हणजे पाहुणचाराचा भाग. मोरजीच्या एका शॅकमध्ये खडूने लिहिलेला फळा आहे. वर त्या दिवशीची मासळी, इसवण, चणक, तिसऱ्या, आणि खाली वायफायचा पासवर्ड. मासळी रोज पुसून नव्याने लिहितात, पासवर्ड मात्र ऑइल पेंटने रंगवलेला. म्हणजे तीन मोसमांपूर्वी येऊन गेलेला माणूस आज रस्त्यावर मोटरसायकल उभी करून तेच नेट वापरू शकतो. त्याच गल्लीतल्या होमस्टेवाल्या बाई परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरतात. पासपोर्टचा नंबर, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, सगळं. त्यात त्या कधी चुकत नाहीत, कारण चुकलं तर काय होतं ते त्यांना पक्कं माहीत आहे. मग त्याच पाहुण्याला त्या फ्रिजवर चिकटवलेला पासवर्ड दाखवतात, जो त्यांच्या स्वतःच्या फोनचा, सीसीटीव्हीचा आणि बिलाच्या मशीनचाही आहे. त्यांच्या घरात माणसाची नोंद आहे, नेटची नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, आजच बदलून दे.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांची. भिंती चिऱ्याच्या, हात-दीड हात जाड. पावसात चिरा पाणी पितो आणि भिंत महिनोन्‌महिने ओली राहते. अशा दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल जवळजवळ मरतो, २.४ चा कसाबसा पोचतो. म्हणून लोक राउटर आणून समोरच्या खिडकीत ठेवतात. परिणाम असा की स्वयंपाकघरात नेट नाही आणि रस्त्यावर भरपूर. मी फोन हातात घेऊन घराभोवती चालत सिग्नल मोजतो, तेव्हा कितीतरी घरांत सगळ्यात चांगली जागा तुळशीवृंदावनाच्याही पलीकडे, फाटकाबाहेर निघते. राउटर घराच्या मध्यावर उंच ठेवा, आतल्या खोलीसाठी वायर ओढून दुसरा छोटा बसवा. खर्च थोडा वाढतो, पण नेट घरात राहतं.

डोंगराकडे गोष्टच निराळी. २०२० च्या पावसाळ्यात शाळा ऑनलाइन झाल्या, तेव्हा सांगे-सत्तरीकडची मुलं सिग्नलसाठी डोंगर चढून बसत होती, डोक्यावर छत्री, पायाखाली जळवा आणि सापांची भीती. पेपरांत फोटो आले, मोठमोठ्याने चर्चा झाली. आणि त्याच गोव्यात गावोगावच्या ग्रामसभांतून मोबाइल टॉवरला विरोधाचे ठराव होत होते, आजही होतात. बाहेरची माणसं यावरून आम्हाला मागासलेले म्हणतात, ते मला पटत नाही. मी अशा ग्रामसभांना बसलोय. तिथे किरणांची भीती बोलली जाते हे खरं, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे, हे तिथे क्वचितच कोणी सांगतं. पण नीट ऐकलं तर राग दुसराच असतो. जागा कोणाची, परवानगी कोणी दिली, आम्हाला का नाही विचारलं? खाणींचे ट्रक ज्यांच्या दारावरून न विचारता गेले, त्या लोकांनी हे विचारलं तर त्यात गैर काय? जिथे तरुणांनी आधी घरोघर जाऊन समजावलं, तिथे विरोध मावळलेला मी पाहिलाय.

जिथे मोबाइल पोचत नाही, तिथे पंचायतीत किंवा दुकानात आलेली एक फायबरची तार सगळ्या वाड्याचा आधार असते. म्हणून उघड्या वायफायला मी अनमोल समजतो आणि 'बंद करून टाका' हा सल्ला मला सहन होत नाही. पण इथेच नियमाची गाठ बसते. ओटीपी मोबाइलवर येतो. मोबाइलला रेंज नाही म्हणून तर माणूस वायफायकडे आलाय! वायफायला जोडल्यावर उघडणारं पान, म्हणजे पोर्टल, म्हणतं नंबर टाका, नंबर टाकला की एसएमएस येतच नाही. मांद्र्याच्या होमस्टेत हीच गत परदेशी सिमची. अशा वेळी लोक कंटाळून पोर्टलच बंद करतात आणि पासवर्ड भिंतीवर लिहितात. २००९ च्या सूचनांतला ओळखपत्राच्या प्रतीचा पर्याय नेमका अशा जागेसाठी कामाचा आहे, आणि तो कोणी वापरत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही तो वापरला. वाचनालय जुनं, संध्याकाळी पेपर वाचायला आठ-दहा म्हातारी माणसं आणि दिवाळीनंतर दिवाळी अंकांसाठी बायकांची रांग. फायबर आली तेव्हा समितीत वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, उद्या काही झालं तर वाचनालयाचं नाव पेपरात येईल. त्यांची भीती रास्त होती. मी त्यांना एवढंच म्हटलं की मंगेशीला नाहीतर शांतादुर्गेला अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली मागितली की नाव-गाव लिहून घेतात, त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. ते थोडा वेळ बसून राहिले आणि म्हणाले, मग वही मी सांभाळतो.

आता तेच सांभाळतात. पहिल्यांदा येणाऱ्याने ओळखपत्राची प्रत द्यायची, एकदाच. मग रोज हवं तेव्हा वहीत सही करून चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर एक आकडा असतो, तो टाकला की नेट सुरू, रात्री वाचनालय बंद झालं की आकडा बाद. कोणता आकडा कोणत्या वेळी चालू होता, याची नोंद राउटरशेजारच्या छोट्या डब्यात वर्षभर राहते. कोण काय बघतो ते आम्ही साठवत नाही, तशी गरजही नाही आणि तो आमचा हक्कही नाही. वह्या कपाटात कुलपात. लोकांची ओळखपत्रं आपल्याकडे आहेत, ही जबाबदारी ग्रंथांपेक्षा मोठी आहे.

याहून सोपा रस्ता आता आहे तो पीएम-वाणीचा. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. किराणा दुकानदार, चहावाला, पंचायत, कोणीही सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, त्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. ओळख पटवणं आणि नोंदी ठेवणं ही जबाबदारी त्याच्या वरच्या एकत्रीकरण करणाऱ्या कंपनीची. दुकानदाराच्या डोक्यावरून भार उतरतो. आणि या योजनेचं वायफाय ज्या ॲपमधून जोडायचं त्यात ओळख एकदाच पटवायची असते, म्हणजे माणूस फोंड्याच्या बाजारात आला असताना रेंजमध्ये ओटीपी घेऊन ठेवू शकतो आणि डोंगरातल्या गावात परत जाऊन जोडू शकतो. पूर्वी अडचण दराची होती, दुकानदाराने महागडी लीज्ड लाइन, म्हणजे धंद्यासाठीची स्वतंत्र जोडणी, घ्यावी असा कंपन्यांचा आग्रह असायचा. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. एवढं असूनही आमच्या भागात दहा दुकानदारांना विचारलं तर नऊ जणांनी हे नाव ऐकलेलं नसतं. पंचायतीने एक फलक लावला तरी पुष्कळ होईल.

घरच्या माणसांना एवढंच सांगेन की राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते चालू करा. पाहुण्यांचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि चवथ संपली की तो बदला. त्यातून तुमचा सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटर वेगळे राहतात. राउटर उघडायचा मूळ पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच ठेवू नका, तो इंटरनेटवर सगळ्यांना सापडतो. आणि बाहेर कुठे उघडं वायफाय वापरताना बँकेचं काम मोबाइल डेटावर करा. हॉटेलच्या नावाचं दुसरंच नेटवर्क कोणी उभं केलं असेल तर ते फोनला ओळखता येत नाही.

माईंच्या घरी मी परत जाऊन आलो. सोप्यावर बसून त्यांना चिठ्ठ्यांची पद्धत दाखवली. भाड्याच्या मुलांना प्रत्येकी वेगळा पासवर्ड, शेजारच्या दोघांना त्यांच्या आईच्या नावाने. त्यांनी बराच वेळ विचार केला, एकदा विचारलं, "पुता, परत पोलीस आयले जाल्यार?" मी म्हटलं, आले तर तुम्ही त्यांना वही दाखवायची. राउटर परत लावलाय, या वेळी आतल्या खोलीत.

पंचायत कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर आणि बसथांब्यावर पीएम-वाणीचं वायफाय असावं, असा अर्ज मी आणि वाचनालयाच्या समितीने पंचायतीत दिला आहे. सोबत २००९ च्या सूचनांची आणि ट्रायच्या आदेशाची प्रत जोडली आहे, म्हणजे 'कायद्यात बसत नाही' असं कोणी म्हणायला नको. पुढच्या ग्रामसभेत तो विषय घ्यायचं सरपंचांनी कबूल केलंय. गावातल्या ज्यांना तो हवाय, आणि ज्यांना नकोय त्यांनीही, त्या दिवशी यावं.